टाऊपोचा कोरीव कडा आणि पाथरवट अण्णा

टाऊपोला जायचं ठरलं ते आमच्या फ्रीजवर लावलेल्या एका पोस्टकार्डामुळे. १९९६ चा मार्च होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, सासवडहून पहिल्यांदाच परदेशात, आमच्याकडे पामर्स्टन नॉर्थला आले होते. कार्डावर टाऊपोच्या तळ्यातून सरळ वर आलेला एक कडा होता आणि त्यात कोरलेला माणसाचा प्रचंड चेहरा, दोन-तीन मजली घराएवढा. अण्णांनी कार्ड खिडकीशी नेलं, डोळ्यांपुढे इकडून तिकडे सरकवत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे बघायला पाहिजे."

अण्णांनी स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. ते पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे, देवळाच्या पायऱ्या करायचे आणि दारोदार फिरून जात्यांना टाकी लावायचे, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करून द्यायचे. त्याच कामाच्या जिवावर मी पुण्यात नर्सिंग शिकले आणि होस्टेलवर मात्र 'वडील बांधकामात आहेत' असं सांगत राहिले. आता त्यांना काचबिंदू होता. नजर कडेकडेने मिटत चालली होती आणि गेलेली परत येणार नव्हती. मी नर्स, त्यामुळे मला हे जरा जास्तच नीट कळत होतं. पुढच्या गुरुवारी त्यांचं विमान होतं. मधे एकच शनिवार-रविवार उरला होता. काही झालं तरी अण्णांना तो चेहरा अख्खा दाखवायचाच, असं मी ठरवलं.

नवऱ्याला, सतीशला, रिसर्च सेंटरमधून सुटी नव्हती, म्हणून आम्ही बापलेक दोघंच शनिवारी सकाळी सातला निघालो. बुल्स, ताइहापे, वायूरू असा सरळ रस्ता आहे, साडेतीन तास धरा. वायूरूला पेट्रोल भरून घ्या, कारण पुढे डेझर्ट रोडवर तुरांगीपर्यंत पंप नाही. नुसतं करडं गवत, विजेचे मनोरे आणि डावीकडे ढगात डोकं खुपसून बसलेला रुआपेहू ज्वालामुखी. मी पाय मोकळे करायला गाडी थांबवली तर अण्णांनी रस्त्याकडेचा एक दगड उचलला, तळहातावर तोलला आणि ठेवून दिला. जात्याला चालायचा नाही, फार हलका, असा त्यांनी निकाल दिला.

टाऊपोच्या धक्क्यावर पोचलो तर बोटीच्या खिडकीवर पाटी, वाऱ्यामुळे आजच्या फेऱ्या रद्द. हा कडा फक्त पाण्यावरूनच दिसतो, गाडीने तिथे जाता येत नाही. मोटेलमध्ये स्वयंपाकाची सोय होती, पिठलं-भात केला आणि झोपलो. रविवारी वारा आणखी वाढला. तळ्याला लाटा येतात हे अण्णांना पटेचना. बोटवाला रॉबी, पन्नाशीचा, शांत माणूस, म्हणाला की सोमवारी सकाळी कदाचित जमेल, शब्द देत नाही.

सोमवारी सकाळी सातला माझी वॉर्डात ड्युटी होती. मी फोन बूथमध्ये नाणी टाकत उभी राहिले. सतीश म्हणाला, परत या, अण्णांनी कार्डावर पाहिलंय ना सगळं. त्याचं काही चुकत नव्हतं, तरी मी त्याच्यावर जाम भडकले. अण्णाही बूथबाहेरून म्हणत होते, राहू दे गं, नोकरी आहे तुझी. मी दोघांचंही ऐकलं नाही आणि वॉर्डातल्या लिंडाला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "स्वीट ॲज, काही हरकत नाही. सोमवार मी करते. ईस्टर तू कर." ईस्टरला आम्ही ऑकलंडला जाणार होतो. मी लगेच हो म्हटलं.

सोमवारी तळं परातीतल्या पाण्यासारखं स्थिर होतं. बोटीवर आमच्याखेरीज एक जर्मन जोडपं. जाऊन-येऊन अडीच तास लागतात, जॅकेट घ्याच, पाण्यावर मार्चमध्येही हुडहुडी भरते. सुकाणूपाशी उभ्या रॉबीने वाटेत माहिती दिली. हा चेहरा त्याच्या आजीच्या, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या पूर्वजाचा, या तळ्याकडे त्यांना वाट दाखवत आणणाऱ्याचा. त्याच लोकांतल्या एका कारागिराने परांची बांधून, कितीतरी उन्हाळे खपून तो कोरला. मी अण्णांना सगळं मराठीत सांगत होते.

कडा समोर आला. कपाळापासून हनुवटीपर्यंत गोंदणाच्या वळणदार रेषा, डोळे तळ्यावर रोखलेले.

"दिसतंय ना अण्णा?"

"दिसतंय," अण्णा म्हणाले.

आणि आमची चूक झाली ती इथे. पूर्वज म्हटल्यावर अण्णांनी माझ्या डब्यातली दशमी काढली, घास मोडला आणि त्या चेहऱ्याकडे बघत पाण्यात सोडायला हात पुढे केला. आपल्याकडे गेलेल्यांना आधी जेवायला घालतात, मग आपण जेवतो. रॉबीने झटकन येऊन त्यांचं मनगट धरलं. आवाज चढवला नाही, पण स्पष्ट सांगितलं की इथे खाणं नको, पूर्वजासमोर अन्न आणणं म्हणजे आमच्यात त्याचा अपमान. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अण्णांना मी समजावून सांगितलं. त्यांनी घास डब्यात ठेवला, डबा बंद केला, रॉबीला हात जोडले. मग खाली बसून बूट काढले, मोजे काढले आणि त्या गारठ्यात ओल्या फळ्यांवर अनवाणी उभे राहिले.

रॉबीने त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "हे काम काय करतात?" त्याने मला विचारलं.

"ते दगड कोरतात," मी म्हटलं. "हाताने. पन्नास वर्षं."

इतकी साधी गोष्ट मी त्या दिवसापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, स्वतःचीच लाज वाटून.

रॉबीने अण्णांचे हात उलटसुलट करून पाहिले. मग सुकाणू फिरवलं आणि मोठ्या चेहऱ्याच्या बाजूला, पाण्यालगत कोरलेल्या एका सरड्याच्या खडकाला बोट अगदी खेटून उभी केली. एरवी मी कुणाला हात लावू देत नाही, पण यांनी लावावा, असं तो म्हणाला. मी अण्णांची कंबर धरली. त्यांनी ओंजळभर पाणी दगडावर टाकलं, बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिलं आणि डोळे मिटून सरड्याच्या पाठीवरून तळवा फिरवत राहिले. एका जागी थांबले.

"कोरणारा इथं दमला होता बघ," ते म्हणाले. "घाव वरवर गेलाय."

मी ते रॉबीला सांगितलं. तो हसला नाही, मान डोलावली. बोट वळल्यावर आम्ही दशम्या काढल्या आणि दोन त्यालाही दिल्या.

दुपारी चारला घरी पोचलो. चहा पिताना सतीशने विचारलं, कसा होता चेहरा? अण्णांनी बशी खाली ठेवली.

"अख्खा नाही दिसला. नाकावर नजर गेली की कपाळ नसायचं."

तीन दिवस, सगळी धावपळ, आणि मी एवढी नर्स असून माझ्या लक्षात आलं नाही. तिथेच का नाही सांगितलंत, बोट लांब घ्यायला लावली असती, असं मी रडवेली होऊन म्हटलं.

"अगं सुमे, टाकीखाली चार बोटं दगड दिसतो. जन्मभर तेवढाच बघून काम केलं मी. त्यानंही परांचीवर तसंच केलं असणार. अख्खं बघायला लोक येतात."

गुरुवारी ते सासवडला परत गेले. ईस्टरची ड्युटी मी केली. तुम्ही जाणार असाल तर एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा आणि डबा परतीच्या वाटेवर उघडा. मी त्यानंतर पाहुण्यांना घेऊन तिथे पुष्कळदा जाऊन आले.

दीड वर्षाने अण्णांची नजर पूर्ण गेली. टाऊपोहून आले की मी सासवडला फोन करायची आणि भरभर सांगू लागायची, तर ते अडवायचे. म्हणायचे, कपाळापासून सांग, सावकाश. मग मी कपाळावरच्या पहिल्या रेषेपासून सुरू करायची. ती कुठे वळते, कुठे खोल जाते, भुवईला कुठे मिळते ते सांगायची. पलीकडून "हं" आलं की पुढची चार बोटं.