शैलावहिनी पैसे मागायची

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत नववीच्या वर्गावर होते. शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले. मी खडू खाली ठेवला. सकाळी निघताना तिने मला डबा दिला होता. त्यानंतर तासाभरात मेंदूत रक्तस्राव झाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्या दिवसानंतर तिच्या ओळखीच्या लोकांनी इंदिरानगरमध्ये शोकसभा ठेवली. पाच-सहा जण बोलले. शेवटी कॉलेज रोडला मोठे क्लास चालवणारे एक सर उठले. शहरात सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. त्यांनी चष्मा पुसला, आवाज ओला केला आणि म्हणाले, "शैलाताईंना कामाची हौस होती. पैशाकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी बसलेल्या दादाने माझा हात घट्ट धरला, नाहीतर मी तिथेच उठले असते. तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. माझी वहिनी पैशाकडे पाहायची. सरळ पाहायची. आणि ते मागायची.

ती सटाण्याची. वडील कांद्याचे अडते. दिवसभर बाजार समितीत ओरडून बोलायची सवय असल्यामुळे ते फोनवरही तसेच बोलत. शिक्षण चित्रकलेच्या पदविकेचं, लग्न होऊन नाशिकला आली. माझा भाऊ ओझरच्या कारखान्यात. नव्वदीच्या दशकात तिने घरी एक कॉम्प्युटर घेतला आणि लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं करायला लागली. मग इंटरनेट आलं. टेलिफोनच्या तारेतून ते घरात यायचं तेव्हा दहा मिनिटं कुणाला फोन लागायचा नाही आणि दादा वैतागायचा. ती मात्र मासिकं वाचून, पुण्याला जाऊन-येऊन वेबसाइट बनवायला शिकली. दोन हजार सालानंतर नाशिकमध्ये हे काम करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यात बाई बहुधा ही एकटीच.

पण काम मिळणं निराळं आणि कामाचे पैसे मिळणं निराळं, हे मी तिच्या शेजारच्या खोलीत बसून वह्या तपासताना शिकले. द्राक्षं परदेशी पाठवणारे बागायतदार, मंगल कार्यालयवाले, दातांचे डॉक्टर असे सगळे घरी येत. चहा घेत, कौतुक करत. बिल निघालं की चेहरे बदलत. "अहो वहिनी, तुम्ही तर घरच्याच." "घरबसल्या होतं ना, मग एवढं कसं?" एका डॉक्टरांनी तर पैशांऐवजी दात फुकट साफ करून देतो म्हणून सांगितलं! हेच लोक सुताराला दाराच्या कडीचे पैसे रोख देतात. आमच्या घरातल्या बाईने पंधरा दिवस डोळे फोडून काढलेलं काम मात्र त्यांना हळदीकुंकवाच्या वाणासारखं हातावर पडायला हवं होतं. मला अजून संताप येतो. तेव्हाही यायचा. ती हसायची आणि म्हणायची, "नीला, चिडून बिल वसूल होत नाही. परत मागून होतं."

सरांचं काम त्यातलंच. त्यांना क्लासची वेबसाइट हवी होती, गुणवंत मुलांच्या फोटोंसकट. अर्धी रक्कम आधी दिली, तीही तिने तीनदा आठवण केल्यावर. मग सुरू झाले बदल. आज लाल रंग अजून लाल हवा, उद्या सरांचा फोटो मुलांच्या फोटोंपेक्षा मोठा हवा, परवा दोन्ही नको. सगळं झालं, वेबसाइट सुरू झाली, सरांनी पेढे वाटले... आणि उरलेले पैसे? "पुढच्या आठवड्यात." ते पुढचे आठवडे उन्हाळाभर चालले. फोन केला की सर वर्गात असत.

जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असताना ती क्लासच्या ऑफिसात गेली. मी सोबत होते. पालकांसाठी ठेवलेल्या बाकावर आम्ही दोघी बसलो. सर बाहेर आले, तिला पाहून थबकले.

"ताई, इथे नको. नंतर बोलू."

"इथेच द्या सर, म्हणजे मला परत यायला नको."

बाकावरचे पालक बघायला लागले. सर हसून त्यांना म्हणाले, "बघा, कॉम्प्युटरची चार बटणं दाबायची आणि हे एवढे पैसे मागायचे!"

वहिनीचा आवाज चढला नाही. "तुम्हीही खडूच घासता, सर. पण फी आधी घेता."

कुणीतरी खुदकन हसलं. सरांचा चेहरा उतरला. "हे शोभतं का तुम्हाला?" एवढं म्हणून ते आत निघून गेले, आणि ऑफिसातल्या मुलीने आम्हाला, सर आता भेटणार नाहीत, असं सांगितलं.

घरी येऊन तिने सटाण्याला फोन लावला. पलीकडून तिच्या वडिलांचा, आण्णांचा, आवाज खोलीभर ऐकू आला, "आपला पैसा मांगाले कसानी लाज?" तिने सरांना लेखी कळवलं, की आठ दिवसांत पैसे आले नाहीत तर वेबसाइट बंद होईल. आठ दिवस कुणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी तिने ती बंद केली. नेमका बारावीच्या प्रवेशाच्या जाहिरातीत सरांनी तोच पत्ता छापलेला. दुपारी ओझरला, दादाच्या कारखान्यात सरांचा फोन गेला, "तुमच्या मिसेसना जरा आवरा."

दादा म्हणाला, "ती कामावर आहे. कामाचं तिच्याशीच बोला."

माझा भाऊ मितभाषी माणूस आहे. ते वाक्य त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही वहिनीने आग्रह केला म्हणून. संध्याकाळी क्लासचा माणूस सगळी रक्कम घेऊन आला. तिने मोजली, पावती दिली, त्याला पाणी विचारलं आणि वेबसाइट सुरू केली.

पैसे मिळाले, पण किंमत मोजावी लागली. 'भांडकुदळ बाई' असं नाव झालं. सरांच्या ओळखीची माणसं बरीच. ठरलेली दोन कामं गेली, मग वर्षभर नवं काही आलंच नाही. पुरुषाने वसुली केली की तो व्यवहारी, बाईने केली की भांडखोर! तिने मात्र दर कमी केला नाही. पत्रिका छापून दिवस काढले. आणि मग हळूहळू वेगळ्याच बायका यायला लागल्या. टायपिंग करणारी, मेंदी काढणारी, मखमलाबादहून फुलांच्या सजावटीचं काम घेणारी. त्यांना वेबसाइट नको होती. त्यांना विचारायचं असायचं, "ताई, किती मागू?" वहिनी म्हणायची, "जो आकडा सांगताना तोंड सुकतं, त्याच्या थोडा वरचा माग. आणि सांगून झालं की गप्प बस. आपणच घाईने कमी करतो." पुढे कामं परतली, सटाण्या-कळवणहूनही आली. त्यातल्या अनेकांनी वेळेवर पैसे दिले, हेही लिहायला हवं. पण वेळेवर पैसे देणाऱ्याला आपण देवमाणूस म्हणावं, ही काय पद्धत झाली?

गेल्या वर्षी तिने फाटकावर पाटी लावून घेतली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, तिनेच आखलेली. तिचं नाव, खाली 'वेबसाइट डिझायनर', त्याखाली 'कामाची वेळ दहा ते सहा'. घराच्या फाटकावर कामाची वेळ कशाला, असं शेजारी विचारायचे. ती म्हणायची, "घर आहे म्हणूनच."

दादाला पाटी काढवत नाही. मला काढायची नाही. परवा मी ती ओल्या फडक्याने पुसत होते, तर स्कूटरवरून एक गृहस्थ थांबले.

"मॅडम आहेत का?"

"नाहीत. गेल्या महिन्यात गेल्या."

ते ओशाळले. स्कूटर वळवता वळवता, काहीतरी बोलायचं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "काय दर होता त्यांचा?"

मी सांगितला.

"जास्तच होता की," ते म्हणाले.

मला पुढे काहीतरी म्हणावंसं वाटलं, निदान कामाबद्दल... पण मी गप्प राहिले. ते थोडा वेळ वाट पाहत थांबले, आणि निघून गेले.