भिंतीकडं तोंड केलेली दारं

हुमनाबादला हायवेवर गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारा एक मिस्त्री होता. माझ्या आजारी वडलांना, अप्पांना, हैदराबादच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि आमच्या जुन्या अँबेसेडरचं मागचं दार गंजून सडलं होतं, म्हणून मी त्याच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्याच्या शेडमागं भंगारातल्या दारांचा ढीग होता. काही दारं मात्र भिंतीकडं तोंड करून वेगळी ठेवली होती. त्यातलं एक चांगलं दार मी ओढलं.

“ते न्हाई, अण्णा.”

“कामून?”

“त्यातनं माणूस जित्ता उतरला न्हाई.”

त्यानं ढिगातलं पोचे आलेलं दार घेतलं, तळहात फिरवत ठोकून सरळ केलं, बसवलं.

हैदराबादहून परतताना वाटेतच अप्पा गेले. घरासमोर आम्ही त्यांना त्याच दारातनं उचलून काढलं.

पुढं गाडी भंगारात त्या मिस्त्र्याकडंच दिली.

“अप्पा बरे हायत का?” त्यानं विचारलं.

मी मागच्या दाराकडं बघितलं. त्यानं मागचं दार उतरवलं आणि भिंतीकडं तोंड करून ठेवलं.