टाकीचे पीएम आणि माझे परमिट

आमच्या घरचा सत्यनारायण पाण्यावाचून अडला नाही, याचे संपूर्ण श्रेय माझे आहे. आमची ही आखातातल्या अल नहदा वस्तीतल्या या इमारतीत मजल्यामजल्यावर निराळीच हकिकत सांगत फिरते. ती धादांत खोटी असल्यामुळे हा खुलासा.

लिफ्टमध्ये सूचना लागली होती: 'शनिवारी टाकीचे पीएम. पाणी बंद राहील.' शनिवारीच चार वाजता आमची पूजा, आणि अल मनखूलहून सगळा गोतावळा जेवायला! मी रुवैसच्या रिफायनरीत उभे आयुष्य काढले आहे. तिथे पीएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, यंत्र बिघडण्याआधीची देखभाल. ती उजाडताच सुरू होते. म्हणून मी जाहीर केले, सकाळपासून पाणी नाही.

घराने हे मुकाट्याने मान्य केले, तर ते आमचे घर कसले? चिरंजीवांच्या मते टाकीवर प्रोजेक्ट मॅनेजर नेमला असावा. इस्पितळात नोकरी करणारी सूनबाई म्हणाली, "आमच्याकडे पीएम म्हणजे शवविच्छेदन, बाबा. टाकीत कोणी..." तिला मी पुढे बोलू दिले नाही. हिने विचारले, "पंतप्रधान येणार आहेत का टाकी धुवायला?" नातीने मोबाइलवरून मान न उचलता निकाल दिला, "आजोबा, इट्स जस्ट आफ्टरनून. चिल." बहुमताने ठरले, पाणी दुपारी बारानंतर जाणार.

मी बहुमताला जुमानत नाही. पहाटे उठून घरातले प्रत्येक भांडे भरले. बादल्या, पातेली, कुकर, मोदकपात्र, शिऱ्याची कढईसुद्धा!

"आता शिरा काय तुमच्या टकलावर भाजू?" हिने विचारले.

मी रिफायनरीचा नियम सांगितला: परमिटशिवाय कशालाही हात लावायचा नाही. कोणते भांडे, कशासाठी, किती वेळ, हे आधी मला सांगायचे. कढईचा अर्ज तिसऱ्यांदा मंजूर झाला. (पहिल्या दोन अर्जांत कारण मोघम होते.)

साडेअकरा वाजले तरी नळ धो धो वाहत होता. चिरंजीव खोल्याखोल्यांत नळ सोडून दाखवू लागले. "बाबा, खलास आता. अंघोळ उरकून घ्या."

मी गेलो. (ही माघार नव्हे, पूजेला अंघोळ लागतेच.) डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला, आणि नळ घरघरला, खोकला, गप्प झाला. मनगटावरचे घड्याळ मी अंघोळीतही काढत नाही. उघडता आला त्या एका डोळ्याने पाहिले. बाराला दहा कमी! दुपार नव्हेच!

"पाहिलंत?" मी आतून गर्जलो. "प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स!"

मग सूनबाईने कबूल केले की बाबांचेच बरोबर. नातसुद्धा "ओके, यू विन" म्हणाली. चिरंजीव सोडलेले नळ एकेक करून बंद करत फिरू लागले, यातच सर्व आले. त्या विजयाच्या भरात मी आज्ञा केली, "एक बादली आणा."

दाराबाहेरून हिचा अत्यंत शांत आवाज आला, "कोणती बादली, कशासाठी, किती वेळ?"

ही सर्वांना सांगते की मी गयावया केली. साफ खोटे! मी रीतसर अर्ज केला, आणि तो तिसऱ्यांदा मंजूर झाला.