पडद्याचा गुन्हा न्हाय

कम्प्युटर सुरू करायचा, त्याच्या डब्यावर उजवा तळहात ठेवायचा आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून विचारायचं, "किती?" आमच्या क्लासचे कम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या चाचांचं काम नेहमी असं सुरू व्हायचं.

किती म्हणजे किती बीप. सुरू होताना कम्प्युटर आतून वाजतो. एकदा आखूड वाजला तर सगळं ठीक, तीनदा लांब वाजला तर मेमरीच्या पट्टीत खोट. हे मोजायचं काम चाचा आमच्याकडून करून घेत. "तुम्ही मोजा, मोजता मोजता शिकाल," असं म्हणत. शिकवायची ही रीत मला फार आवडायची. मी पगारी शिक्षिका असून मला ती सुचली नव्हती.

निजामपुऱ्यात एका माळ्यावर आमचा कम्प्युटर क्लास होता. आठ कम्प्युटर, त्यांचे जाड पाठीचे आठ मॉनिटर, आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग. मागांची खडखड एवढी, की त्या गल्लीत कुणी कुणाला हळू आवाजात काही सांगितल्याचं मला आठवत नाही. प्रत्येक जण दोनदा "काय?" विचारायचा आणि तिसऱ्यांदा न ऐकताच मान डोलवायचा. कापसाची बारीक रुई बंद खिडक्यांमधूनही आत यायची आणि कम्प्युटरच्या पोटात जाऊन बसायची. मग एखाद्या सकाळी पडदा काळा, आणि त्यावर 'नो सिग्नल' अशी चौकट फिरत राहायची.

आम्ही शूर लोक आधी मॉनिटरला चापट मारायचो. चाचा असले की मारणाऱ्याचा हात धरायचे. "पडद्याचा गुन्हा न्हाय. त्याला मागनं कुनी काय सांगतच न्हाय, तो बिचारा काय दाखवंल?" मग ते केबल काढून शेजारच्या कम्प्युटरची लावून बघत, डबा उघडत, मेमरीची पट्टी काढत आणि खिशातल्या शाळकरी खोडरबराने तिची सोनेरी कड घासत. पट्टी परत बसवताना अंगठ्याला खटका जाणवला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं.

पूर्वी ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. वीस-एक वर्षं मागांमध्ये काढून मग चाळिशीनंतर कम्प्युटर शिकले. दसऱ्याला आमच्या मुलांनी कम्प्युटरची पूजा केली आणि एका डब्याच्या पंख्यात झेंडू अडकला, तेव्हा चाचांनी एकेक पाकळी चिमट्याने काढून कागदावर ठेवली आणि मला म्हणाले, "ह्या कचऱ्यात टाकू नका, पूजेच्या हायत." मी त्या तुळशीत टाकल्या.

शुक्रवारी मात्र ते कधी येत नसत. शुक्रवारी मागांना सुट्टी, आणि जुम्म्याची नमाज. आम्हाला त्यात नवल वाटायचं काहीच नव्हतं. नमाज दुपारी असते आणि सकाळ मोकळी असते, हा हिशेब कुणी केला नाही. घरचा फोनही नेहमी चाची उचलायच्या, त्याचाही विचार कुणी केला नाही. तुम्हीही केला नसता.

एका शुक्रवारी सकाळी आठवा कम्प्युटर बसला. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेटची परीक्षा, आठ मुलं आणि आठच कम्प्युटर. मी सरळ चाचांच्या घरी गेले आणि दारात उभी राहून गळ घातली. ते आत गेले, परत दाराशी आले, पुन्हा आत गेले आणि पिशवी घेऊन निघाले.

गल्ली शांत होती. मुलं भोवती उभी होती. चाचांनी केबल बदलून पाहिली, कम्प्युटर सुरू केला, तळहात ठेवला. नेमकं तेव्हा एका मुलाने मला परीक्षेचं काही विचारलं आणि मी तिकडे वळले. कम्प्युटर वाजला. त्या शांततेत तीन लांब बीप पार जिन्यापर्यंत ऐकू गेले असतील. चाचा हात तसाच ठेवून वाट बघत होते.

"अजून वाजला न्हाय," ते म्हणाले.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एक मुलगी हसली आणि लगेच गप्प झाली. मी चाचांसमोर गेले. त्यांची नजर माझ्या ओठांवर आली आणि मला एकदम सगळं कळलं. मी म्हटलं, "तीन, चाचा." त्यांनी पट्टी काढली, घासली, बसवली. पडदा उजळला.

जिन्यात त्यांनी मला थांबवलं. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये कम्प्युटर सांभाळायला त्यांना घेणार होते. पन्नाशीला आलेल्या माणसाला पहिल्यांदाच पक्की नोकरी, मुलीचं लग्न तोंडावर. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं आणि मग म्हणाले, "मॅडम, कानाचं तुमच्यापुरतं ठेवा."

मी शब्द दिला. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई लहानपणापासून सांगत आली होती. आठवडाभराने त्या गोडाऊनचा मॅनेजर चौकशीला आला. चाचांनी माझंच नाव दिलं होतं. मी कौतुक करायला लागले आणि कौतुकाच्या भरात मला थांबताच येईना. माणूस कसा प्रामाणिक, हात कसा सफाईचा, आणि शेवटी, मोठ्या अभिमानाने, "अहो, ऐकू येत नाही तरी कम्प्युटरचं दुखणं ओळखतात."

मॅनेजर भला माणूस होता. त्याने पेन खिशात ठेवलं. गोडाऊनमध्ये दिवसभर ट्रक मागे घेतले जातात, म्हणाला, हॉर्न ऐकू आला नाही तर माणूस जाईल. त्याचं चुकत नव्हतं. मी त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला, पण बोललेलं परत घेता येत नाही. नोकरी गेली ती का, हे चाचांना त्याच्याकडूनच कळलं.

चाचा त्यानंतर एकदाच आले, मीच निरोप धाडला म्हणून. पुन्हा तोच काळा पडदा. वार मंगळवार, माग धडधडत होते. माफी मागायची म्हणून मी सकाळपासून वाक्यं जुळवून ठेवली होती. चाचांनी तळहात ठेवला नाही. कम्प्युटर सुरू केला तो माझ्याकडे पाठ करून. मग एकेक केबल काढून, एकेक पट्टी घासून, दहा मिनिटांच्या कामाला तासभर लावला. मी वाकून त्यांच्या समोर तोंड नेलं आणि सावकाश म्हटलं, "तीन, चाचा. तीन वाजले."

त्यांनी वर पाहिलं नाही. आणि त्यांनी वर पाहिल्याशिवाय माझी माफी त्यांच्यापर्यंत पोचणार कशी? मी तशीच ओठ हलवत उभी राहिले. पडदा उजळला, त्यांनी खोडरबर खिशात टाकलं आणि ते जिना उतरून गेले.

पुढे ते मुलीकडे गणेशपुरीला राहायला गेल्याचं कळलं. क्लासात मी अजून काही वर्षं शिकवलं. शुक्रवारी सकाळी सगळे कम्प्युटर एकामागून एक सुरू करताना मी मोठ्याने मोजायचे, एक, एक, एक. मुलांना वाटायचं, मॅडमची शिकवायची पद्धत आहे.