नळीचं दुसरं टोक

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या गवंड्याला सगळी गल्ली लेव्हलकाका म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे पाये सरळ केले. कुठे जेवायला बसले तरी आधी टेबल डुगडुगतंय का ते बघणार! काकू गेल्यापासून मात्र हात रिकामे होते. त्यामुळे मुलगा म्हणाला, "बाबा, मागच्या अंगणात लाकडी शेड येतेय, तुमच्या हत्यारांसाठी. जागा तुम्हीच तयार करा," तेव्हा काकांच्या अंगात वारं शिरलं.

मला खरं काय ते ठाऊक होतं. मुलानेच कुंपणावरून सांगितलं होतं, "दादा, शेड त्यांनाच राहायला आहे. त्यांची खोली आम्हाला हवीय. आत्ताच काही बोलू नका, उगाच तमाशा होईल." मी मान डोलावली. दुसऱ्याच्या भानगडीत नाक कशाला खुपसा, हा माझा शहाणपणा. शहाणपणा कसला, शुद्ध भेकडपणा!

आठवडाभर काका राबले. माती खणली, मुरूम पसरून धुमसाने ठोकला, वर फरश्या बसवल्या. दोन्ही कर्ण मोजले तर बोटभर फरक आला, म्हणून कोपऱ्यातल्या तीन फरश्या उखडून पुन्हा बसवल्या. लेव्हल बघायला पाणी भरलेली नळी होती. तिचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या.

"हलू नकोस रे, पाणी थांबू दे. वीतभर उंच घेतोय. हत्यारांना ओल लागली की संपलं."

मी पाण्याकडे बघत राहिलो. तोंडाशी आलेलं दोनदा गिळलं.

मग पेरूचा प्रश्न आला. काकूंनी लावलेलं झाड, आणि शेडच्या तयार येणाऱ्या लांबलचक भिंती अंगणात आणायच्या तर नेमकं तेच आडवं येत होतं. काका खोडाला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. "माझ्या हत्यारांसाठी तिने नाही म्हटलं नसतं," म्हणाले आणि स्वतःच करवत चालवली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

शेड आली. दुपारपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. जोडणारा खूश होता. "काका, एकही पाचर लागली नाही. असा पाया आजवर मिळाला नव्हता." काकांची कळी खुलली. हत्यारांची पेटी आणायला ते घराकडे वळले, तर समोरून मुलगा आणि सून त्यांची खाट उचलून आणत होते.

"इथे शांतता मिळेल तुम्हाला, बाबा," मुलगा म्हणाला. "आणि ओलीची काळजीच नाही. तुम्हीच वीतभर उंची घेतलीत ना!"

काका खाटेला वाट देऊन बाजूला झाले. बऱ्याच वेळाने कुंपणापाशी आले.

"तुला माहीत होतं?"

मी मान खाली घातली.

"पाया मी असाच केला असता रे," काका म्हणाले. "पेरू तेवढा ठेवला असता."