यमुनेची घंटा

शेवंतीचा वास आला की मी अजूनही अकोल्याच्या मुलींच्या शाळेत जाऊन बसते. शेजारी माळ्याची यमुना असते. ती जन्माची बहिरी. शाळा सुटल्याची घंटा तिला कळायची नाही. मी दप्तर उचललं की ती उठायची. तिची घंटा मीच, आणि त्याचा केवढा तोरा मला!

शाळेची तपासणी करायला साहेब येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "यमुनेनं साहेबापुढं नाव लिवलं, तरच तिले शाळेत ठेवतीन."

साहेब आमच्या रांगेशी आले आणि माझ्यातली दीडशहाणी जागी झाली. मी हळूच दप्तर उचललं. यमुना पाटी घेऊन सरळ दाराबाहेर गेली. वर्ग खदखदला. साहेबांनी तिच्या नावावर काट मारली.

"काहून केलं वं असं?" बाईंनी विचारलं.

"गंमत केली, बाई."

"आता तूच सांग तिले, उद्यापासून येऊ नको म्हणून. तिच्या खुणा तुलेच येतात."

बाहेर यमुना माझ्यासाठी थांबली होती. तिनं हसत पाटी पुढं केली. तिच्या नावाखाली तिनं माझंही नाव लिहिलं होतं, माझ्यापेक्षा सुरेख अक्षरात. माझे हातच उचलेनात. मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेवंतीची वेणी माळून सगळ्यांच्या आधी शाळेत आली.