शांतीबाईंनी पुरलेली केबल

आमच्या टेलिफोन एक्सचेंजच्या हजेरीपटावर शांतीबाईंचं नाव नाही. ते ठेकेदाराच्या कागदावर आहे, आणि नावापुढे लिहिलंय 'मजूर, अकुशल'. हा शब्द ज्या कुणी लिहिला त्याला मी एकदा डहाणूच्या दमट उन्हात खड्ड्यात उतरवणार आहे आणि तारांच्या दोनशे जोड्यांमधून एक जोडी शोधून दाखव म्हणणार आहे. मी स्वतः इंजिनिअर आहे आणि मला ती सापडत नाही, म्हणून जरा अधिकाराने बोलतो.

मी मूळचा सांगलीकडचा. बदली होऊन पहिल्या दिवशी एक्सचेंजमधल्या खोलीत शिरलो तेव्हा दाराशी वायरचं भेंडोळं सोडवत बसलेली एक बाई म्हणाली, "साहेब, तू नवीन हायस ना? त्या खुर्चीवर बसू नको, मोडलीय ती." इकडे सगळे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, त्यात अनादर नसतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? 'तू' ऐकून माझा पारा असा चढला की मी मुद्दाम त्याच खुर्चीवर बसलो. पुढचं सांगत नाही. आमची ओळख अशी झाली.

शांतीबाई तलासरी तालुक्यातल्या वेवजीच्या. पहाटे पाड्यावरून निघून मिळेल त्या जीपने डहाणू गाठतात. वय विचारलं तर पन्नास म्हणतात. दोन वर्षांपूर्वीही पन्नासच म्हणाल्या होत्या. खांद्याला एक कापडी पिशवी असते. तिच्यात चिमटा, ब्लेड, चिंध्या, रॉकेलची बाटली आणि चिकटपट्टीने जागोजागी बांधलेला तपासणीचा फोन. शाळेत त्या गेल्या नाहीत. सही करतात, आकडे वाचतात आणि तारांचे रंग असे ओळखतात जसे आपण घरातली माणसं ओळखतो.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे टेलिफोनची केबल टाकायचं काम निघालं तेव्हा चर खणायला जी माणसं आली, त्यांत शांतीबाई आणि त्यांचे यजमान काळू होते. काळू खणायचे, या माती उपसायच्या. तारा जोडायला नयनभाई नावाचे एक वयस्क कारागीर होते. त्यांची नजर अधू झाली होती आणि ते कबूल करायचे नाहीत. निळी कुठली, जांभळी कुठली यात ते अडखळायला लागले की शांतीबाई माती उपसता उपसता हळूच बोट दाखवायच्या. पुढे बोट दाखवणं सुटलं आणि चिमटाच हातात आला. नयनभाईंची अब्रू राहिली आणि शांतीबाईंना हुन्नर मिळालं.

मग एका वर्षी एक्सचेंजमधली सगळी जुनी माणसं एकदम निवृत्त झाली. कुठली केबल कुठून गेली याचे नकाशे कपाटात होते, ते वाळवीने खाल्ले. मागे उरल्या शांतीबाई. जमिनीखाली काय आहे ते त्यांना पाठ होतं, कारण ते त्यांनीच पुरलं होतं. एवढी माहितगार बाई दाराशी बसलेली असताना मी आल्या आल्या काय करावं? त्यांचं ऐकलं नाही.

खाडीपलीकडच्या धाकटी डहाणू गावची निलम तिच्या सासूबरोबर, हिरीबरोबर, अर्ज घेऊन आली होती. पुण्याच्या एका कंपनीत तिला घरी बसून काम मिळत होतं, लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं. कंपनीची अट एकच होती, इंटरनेट तारेचं हवं. फायबर खाडीच्या अलीकडेच थांबलंय, तेव्हा राहिली आमची तांब्याची टेलिफोन लाइन. मी कॉम्प्युटरवर पाहिलं, गावापुढे हिरवी खूण होती. नकाशावर अंतर मोजलं, दोन किलोमीटर. "मिळेल," म्हणालो.

"नाय होनार साहेब," दाराशी बसलेल्या शांतीबाई म्हणाल्या. "केबल खाडीतून नाय जात, वळसा घालून जाते. लई लांब हाय."

"शांतीबाई, मशीन काय म्हणतंय ते बघा," मी म्हणालो, आणि निलमला सांगितलं, बिनधास्त हो म्हणून कळव. तिने कळवलं.

आता या तांब्याच्या तारेवरच्या इंटरनेटचं असं आहे की ते चालून चालून दमतं. घर एक्सचेंजपासून डोळ्यांना किती जवळ दिसतं याला काही अर्थ नसतो, तार किती लांब चालते त्यावर सगळं. तीनेक किलोमीटरपर्यंत ठीक चालतं, पाचाच्या पुढे धापा टाकायला लागतं. त्या तारेतून तासभर बोलायचं काम करायचं म्हणजे कठीणच. हे मी पुस्तकात शिकलो होतो. शांतीबाई ते अंगाने जाणत होत्या.

निलमच्या घरात पहिल्यांदाच कुणाच्या नावाने नेमणुकीचं पत्र आलं. नवरा रूपेश होडीवर, एकदा गेला की चार-पाच दिवस समुद्रात. हिरी मासळी सुकवणार आणि विकणार. निलमही तेच करत आली होती, पण बारावी शिकलेली आणि बोलायला गोड. तीन महिने उमेदवारीचे होते. पहिल्याच आठवड्यात लाइन तुटायला लागली. समोरचा माणूस तक्रार सांगतोय आणि मध्येच निलम गायब. तक्रार ऐकणारीचीच तक्रार व्हायला लागली. अडीच महिन्यांनी कंपनीने कळवलं: सोमवारी अकरा ते एक आम्ही तुमची लाइन तपासू. दोन एमबीपीएसचा वेग हवा, आणि एकदाही तुटता कामा नये. नाहीतर काम बंद.

हे मला शनिवारी सकाळी कळलं. त्या दिवशी शांतीबाई "मी बोलले होते" असं म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या पिशवी उचलून म्हणाल्या, "चल, आधी घर बघू."

घरातलं त्यांचं काम बघण्यासारखं असतं. मॉडेमला हात लावायच्या आधी त्या सगळ्या घरात फिरून तार बघतात. स्वयंपाकघरात एक जुना फोन समांतर जोडलेला होता, तोही मधल्या डबीशिवाय. ती डबी बोलणं आणि इंटरनेट वेगळं काढते, ती नसली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. फोन काढला. भिंतीवरची पेटी उघडली तर आत खाऱ्या हवेने हिरवा गंज धरलेला. टोकं कापून, घासून नवीन बांधली. मग आम्ही बाहेर आलो, आणि खांबावरून घरात येणाऱ्या तारेवर मला ओळीने बोंबील दिसले.

तार चांगली मजबूत आणि उन्हात, हिरीला आयती दोरी मिळाली होती. ओल्या बोंबलांच्या वजनाने खांबावरचा जोड रोज ओढला जात होता आणि खारं पाणी तारेवरून ओघळत जोडात उतरत होतं. म्हणून लाइन नेमकी सकाळी तुटायची आणि संध्याकाळी ठीक व्हायची. माझ्या जिभेवर बरंच काही आलं. निलमचा चेहरा तर पडलाच. पण शांतीबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि हिरीला म्हणाल्या, "बाय, ही वायर कच्ची हाय, तुझी मासळी पडंल खाली. मी दुसरी देते." पिशवीतल्या जुन्या वायरचं भेंडोळं काढून त्यांनी दोन बांबूंमध्ये हिरीला अशी काही दोरी ताणून दिली की हिरी स्वतःच एकेक बोंबील उचलून तिकडे नेऊ लागली. सासू-सुनेत त्या दिवशी भांडण झालं नाही. तक्रारीच्या कागदावर शांतीबाईंनी मला कारण लिहायला सांगितलं, 'जोडात खार.' ते खोटंही नव्हतं.

मॉडेमचा दिवा स्थिर झाला. वेग मोजला, दीडच्याही खाली. दोन हवा होता.

निलमने डोक्यावरचा हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला. मला फार वाईट वाटलं. मी उगाच मॉडेम बंद-चालू करत राहिलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

शांतीबाई ओट्यावर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "साहेब, मोठी केबल कुठपर्यंत जाते?"

"पिलरपर्यंत," मी म्हणालो. पिलर म्हणजे रस्त्याकडेची ती लोखंडी पेटी. एक्सचेंजकडून आलेली मोठी केबल तिथे संपते आणि गावात जाणारी छोटी केबल तिथून निघते.

"आनि गावची केबल पिलरवरून कुठून येते?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी काडी घेऊन मातीत एक रेघ ओढली, वाडीतल्या पिलरपर्यंत. मग त्याच रेघेला चिकटून दुसरी उलट ओढली, गावच्या फाट्यापर्यंत, आणि तिथून गावाकडे वळवली. "एकच चर. आम्ही दोनदा कशाला खनू? जानारी बी त्यातच, येनारी बी त्यातच. फाट्यापासून पिलर पाऊन किलोमीटर, आनि तितकंच परत. हिचं इंटरनेट फुकट तिकडं फिरून येतं."

मी त्या दोन रेघांकडे बघत राहिलो. फाट्यावरच जाणारीला येणारी जोडली तर दीड किलोमीटर तार एका फटक्यात कमी! हे कुठल्या कॉम्प्युटरवर नव्हतं, आणि वाळवीने खाल्लेल्या नकाशावर तरी असेल की नाही कोण जाणे.

"पण फाट्यावर केबल फोडायची कुठे?"

"फोडायची कशाला? दोन्हीचे जोड तिथंच हायत. केबलचा ड्रम संपलेला तिथं. माझी लेक शितल झोळीत होती, भोकराच्या झाडाला. रस्त्याखालच्या मोरीपासून चाळीस पावलं."

रविवारी आम्ही गेलो. भोकराचं झाड नव्हतं, तिथे चिकूच्या वाडीचं कुंपण आलं होतं. मोरी मात्र होती. शांतीबाईंनी आधी पिलरवर जाऊन निलमच्या जोडीवर टोन सोडायचं यंत्र लावलं, मग मोरीपासून चाळीस पावलं मोजली आणि पदर खोचून फावडं घेतलं. कंबरभर खणलं. काही नाही. अजून खणलं. काही नाही. माझ्या मनात पहिल्यांदाच आलं की बाईंची आठवण चुकली असेल, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

शांतीबाई खड्ड्यात उभ्या राहून स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. मग एकदम खो खो हसल्या. "अरे साहेब, तवा मी पोरगी होते! तवाची पावलं लांब होती माझी." त्या वर आल्या, झपाझप चार पावलं आणखी पुढे गेल्या आणि टाच आपटून म्हणाल्या, "हितं."

दोन हात खाली विटांची ओळ लागली. तिच्याखाली दोन काळे जोड, शेजारी शेजारी निजलेले. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण खड्ड्यात खाडीचं पाणी झिरपायला लागलं होतं आणि मला डबा हातात देण्यात आला. मी उतरलो आणि पाणी उपसत राहिलो. शांतीबाईंनी रॉकेलने जोडातलं चिकट मलम पुसलं, तारांचे झुबके उलगडले आणि फोन कानाला लावून एकेक जोडी चाचपायला लागल्या. मोठ्या केबलमध्ये दोनशे जोड्या. दोन तास त्यांनी मान वर केली नाही. मग एका हातात एक जोडी, दुसऱ्या हातात दुसरी घेऊन माझ्या कानाला फोन लावला. दोन्हीकडे तीच पीं-पीं वाजत होती. त्यांनी जाणारीला येणारी बांधली आणि पिलरकडच्या बाजू कापून टाकल्या. जोड बंद करताना मला तारा पकडायला सांगितलं, आणि त्या माझ्या हातून दोनदा निसटल्यावर म्हणाल्या, "सोड, मीच धरते."

सोमवारी साडेदहापासून मी एक्सचेंजमध्ये निलमची लाइन समोर लावून बसलो होतो. वेग अडीचच्या पुढे दाखवत होता. अकरा वाजले. बारा वाजले. चहा निवला. शांतीबाई दाराशी त्यांच्या कामात होत्या, एकदाही माझ्या स्क्रीनकडे बघायला आल्या नाहीत. एक वाजून गेला आणि लाइन तुटली नाही. दीडला निलमचा फोन आला. ती रडत होती. "ठेवलं मला," एवढं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरी आली. खाडी ओलांडून, डोक्यावर टोपली, टोपलीत ताजी मासळी, बोयी. मी उठून पुढे झालो, हसलो, म्हटलं, अहो कशाला एवढं. हात पुढेही केले होते मी.

"तुला नाय आनल्या," हिरी म्हणाली. "तू हो म्हनालास. तुझ्या हो-पायी माझी सून तीन महिने रडली. ही बाय पहिल्या दिवशी नाय म्हनालेली, आनि हिनंच करून दिलं." आणि टोपली तिने शांतीबाईंच्या पुढ्यात ठेवली.

मी हात मागे घेतले. तिचा शब्द न् शब्द खरा होता. तेव्हापासून कुणी लाइन मागायला आलं की मी कॉम्प्युटर उघडायच्या आधी दाराकडे बघतो, आणि शांतीबाई नाही म्हणाल्या तर नाही.

शांतीबाईंनी टोपलीतली एक बोय उलटून पाहिली, कल्ले लालभडक होते. मग हिरीला म्हणाल्या, "तसं नको बोलू बाय. खड्ड्यात उतरलेला तो बी. पानी त्यानंच काढलं."

हिरीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वाकून टोपलीतल्या दोन बोयी निवडल्या, त्यातल्या त्यात लहान, आणि माझ्या टेबलावर ठेवल्या.